स्वयंगोल (आंतरराष्ट्रीय फुटबॉल)

खेळाडूच्या पायाला किंवा अंगाला लागून चेंडू त्याच्याच संघाच्या गोलजाळ्यात गेला आणि गोल प्रतिस्पर्ध्यांच्या खात्यात जमा झाला, तर तो स्वयंगोल. मैदानावर ‘ओन गोल’ हाच शब्द जास्त चालतो. खेळाडूच्या वैयक्तिक गोलांत तो धरत नाहीत, त्यामुळे स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणाऱ्या गोल्डन बूटच्या हिशेबात तो कोणाच्याच नावावर पडत नाही. आकडेवारी ठेवणाऱ्या संस्था सामान्यतः त्याला गोलवरचा फटकाही मानत नाहीत. म्हणूनच एकही अचूक फटका न मारता संघ १-० असा जिंकल्याचे कधीकधी कागदावर दिसते.

स्वयंगोल म्हणजे बचावपटूची गफलत, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात मोठ्या स्पर्धांतले बहुतेक स्वयंगोल आक्रमण करणाऱ्या संघाने घडवून आणलेले असतात. बचावपटूचा पाय फक्त शेवटचा असतो.

नियमपुस्तिका स्वयंगोलाबद्दल फारसे बोलत नाही. गोल कोणत्या संघाला मिळाला एवढे पंच ठरवतात. एक तरतूद मात्र महत्त्वाची आहे. फ्री किक, थ्रो-इन, गोल किक, कॉर्नर किंवा किक-ऑफ घेताना मारलेला चेंडू दुसऱ्या कोणालाही न लागता थेट स्वतःच्याच गोलात गेला, तर गोल होत नाही, प्रतिस्पर्ध्यांना कॉर्नर मिळतो. वाटेत गोलरक्षकाचा बूट निसटता जरी लागला, तरी तो गोल ठरतो. पेनल्टी शूटआउटमध्ये तर स्वयंगोल हा प्रकारच नसतो. १९८६ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सच्या ब्रुनो बेलोनची पेनल्टी खांबाला लागून परतली आणि ब्राझीलचा गोलरक्षक कार्लोसच्या पाठीवर आपटून आत गेली. ती बेलोनची यशस्वी पेनल्टी धरली गेली. सामन्यातल्या पेनल्टीचा हिशेब वेगळा. २०१८ च्या विश्वचषकात कोस्टा रिकाच्या ब्रायन रुईझची पेनल्टी क्रॉसबारवरून (गोलाच्या वरच्या आडव्या दांड्यावरून) परतली आणि स्वित्झर्लंडचा गोलरक्षक यान सोमर याच्या अंगाला लागून आत गेली, तेव्हा नोंद सोमरच्या नावावर स्वयंगोल अशीच झाली.

स्वयंगोल कोणाच्या नावावर लिहायचा, हे स्पर्धेचे आयोजक ठरवतात. प्रचलित कसोटी अशी : मूळ फटका गोलाच्या चौकटीत जात असेल, तर बचावपटूला लागून दिशा बदलली तरी गोल फटका मारणाऱ्याचा. फटका किंवा क्रॉस (मैदानाच्या बाजूने गोलासमोर मारलेला चेंडू) चौकटीबाहेर जात असेल आणि बचावपटूच्या स्पर्शाने आत वळला, तर स्वयंगोल. खांबावरून परतलेला चेंडू गोलरक्षकाला लागून आत गेला, तर तो गोलरक्षकाच्या माथी. कसोटी स्पष्ट असली तरी निवाडा डोळ्यांनीच करावा लागतो. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध फ्रान्सचा विजयी गोल आधी पॉल पोग्बाच्या नावावर होता, नंतर तो अझीझ बेहिचचा स्वयंगोल ठरला. २०१४ मध्ये फ्रान्सच्याच करीम बेन्झेमाचा फटका खांबाला लागून होंडुरासचा गोलरक्षक नोएल वायादारेसच्या हाताला लागला आणि पुसटसा रेषेपार गेला. गोलरेषा तंत्रज्ञानाच्या आधारे दिलेला विश्वचषकातला हा पहिला गोल, आणि तोही स्वयंगोल.

सर्वांत धोकादायक चेंडू म्हणजे बाजूने आलेला, जमिनीलगतचा, वेगवान क्रॉस. तो गोलरक्षक आणि बचावफळी यांच्यामधल्या पट्ट्यात पडतो. गोलरक्षकाला पुढे यायला उशीर झालेला असतो आणि बचावपटू स्वतःच्या गोलाकडे तोंड करून पळत असतो. मागे आघाडीपटू असल्याने चेंडू सोडून देता येत नाही. पाय लावावा तर धावण्याची दिशाच गोलाकडे असल्याने चेंडूही तिकडेच जातो. युरो २०२० मध्ये (युरो म्हणजे युरोपीय देशांची अजिंक्यपद स्पर्धा) म्युनिकला जर्मनीने पोर्तुगालला असेच फोडले. रुबेन दियाश आणि रफाएल गरेरो यांचे स्वयंगोल चार मिनिटांच्या अंतराने झाले. २०१५ च्या महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भरपाई वेळेत जपानच्या कावासुमीच्या क्रॉसवर इंग्लंडच्या लॉरा बॅसेटने पाय ताणला नसता, तर मागे जपानची आघाडीपटू उभीच होती. चेंडू क्रॉसबारला लागून रेषेपार गेला आणि इंग्लंड १-२ असा बाहेर पडला. ही चूक नव्हती, योग्य प्रयत्न फसला होता.

दुसरा प्रकार फ्री किक आणि कॉर्नरचा. गोलाकडे वळणाऱ्या चेंडूला डोक्याचा नुसता ओझरता स्पर्श पुरतो. २०१८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात १८ व्या मिनिटाला फ्रान्सच्या ग्रीझमनची फ्री किक क्रोएशियाच्या मारियो मांझुकिचच्या डोक्याला घासून आत गेली. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला तो पहिला स्वयंगोल. पुढे त्याच सामन्यात त्याने क्रोएशियासाठीही गोल केला. त्याच स्पर्धेत रशियाचा ३८ वर्षांचा सर्गेई इग्नाशेविच चेंडूकडे पाठ करून स्पेनच्या सर्जियो रामोसशी झटापटीत गुंतला होता आणि चेंडू त्याच्या टाचेला लागून गोलात गेला. माणूस धरताना चेंडूवरची नजर सुटली की असे होते.

तिसरा प्रकार मात्र निखळ गफलतीचा : गोलरक्षकाला दिलेला परतीचा पास. युरो २०२४ मध्ये तुर्कस्तानच्या सामेत अकायदिनने गोलरक्षक कुठे आहे हे न पाहताच चेंडू मागे दिला, आणि तो रिकाम्या गोलात गेला. युरो २०२० मध्ये स्पेनच्या पेद्रीने मध्यरेषेच्या आसपासून दिलेला साधा पास गोलरक्षक उनाई सिमोनच्या बुटावरून निसटला. दोष गोलरक्षकाचा, नोंद पेद्रीच्या नावावर.

प्रशिक्षक यावर जे शिकवतात ते थोडक्यात असे. मागे धावताना अंग अर्धे वळलेले ठेवावे, म्हणजे चेंडू आणि मागचा आघाडीपटू दोन्ही दिसतात. क्रॉसला मागे राहिलेल्या पायाने नव्हे, पुढच्या पायाने आणि लवकर भिडावे. चेंडू जिकडून आला तिकडेच परतवावा, नाहीतर सरळ गोलरेषेबाहेर काढून कॉर्नर द्यावा, पण गोलासमोरून आडवा नेऊ नये. हेडर उंच आणि बाजूला काढावा. परतीचा पास ७.३२ मीटर रुंदीच्या गोलाच्या सरळ रेषेत देऊ नये. तो खांबाच्या बाहेरच्या बाजूला द्यावा, म्हणजे गोलरक्षक चुकला तरी फार तर कॉर्नर जातो. तसा पास गोलरक्षकाने हातात घेणे १९९२ पासून निषिद्ध आहे. तरीही चेंडू रेषेपार जाणारच असेल तर त्याने हाताने अडवावा. त्याची शिक्षा इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल होत नाही), आणि गोलापेक्षा ती केव्हाही परवडते. गोलरक्षकाने वेळीच ओरडून सांगावे हेही शिकवले जाते. भरलेल्या स्टेडियमच्या गोंगाटात ते ऐकू येईलच असे नाही.

विश्वचषकातला पहिला स्वयंगोल १९३० साली चिलीविरुद्ध मेक्सिकोच्या मान्युएल रोसासच्या नावावर लागला. १९७८ मध्ये नेदरलँड्सचा एर्नी ब्रांट्स इटलीविरुद्ध दोन्ही बाजूंना गोल करणारा विश्वचषकातला पहिला खेळाडू ठरला. १९९८ मध्ये ६ स्वयंगोल झाले, २०१४ मध्ये ५, तर २०१८ मध्ये १६९ गोलांपैकी तब्बल १२. युरो २०२० मध्ये ११ झाले, आधीच्या सर्व युरो स्पर्धांत मिळून ९ च होते. युरो २०२४ मध्ये १०. यावरून आलेख सतत चढता आहे असे म्हणावे, तर २०२२ च्या विश्वचषकात १७२ गोलांत फक्त २ होते. युरो २०२४ मध्ये फ्रान्सने उपांत्य फेरी गाठेपर्यंत ३ गोल मिळवले : २ स्वयंगोल, १ पेनल्टी. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ३० ऑक्टोबर २०२२ रोजी झालेला १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही स्वयंगोलानेच सुटला. स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले, तो गोल ८२ व्या मिनिटाला.

कोलंबियाच्या फुटबॉलमध्ये हा शब्द २२ जून १९९४ पासून जड झाला आहे. त्या दिवशी विश्वचषकात पॅसाडेनाच्या रोझ बोल स्टेडियमवर अमेरिकेच्या जॉन हार्क्सचा क्रॉस अडवताना आंद्रेस एस्कोबारकडून स्वयंगोल झाला. कोलंबिया १-२ हरला आणि पुढे गटातच बाद झाला. २ जुलैला कोलंबियातल्या मेडेयीनमध्ये २७ वर्षांच्या एस्कोबारची गोळ्या घालून हत्या झाली.

मुद्दाम केलेले स्वयंगोल दुर्मीळ, आणि ते बहुधा स्पर्धेच्या रचनेतल्या खोटीमुळे घडतात. १९९८ च्या टायगर कपमध्ये (आग्नेय आशियाई देशांच्या स्पर्धेत) थायलंड-इंडोनेशिया सामना जिंकणाऱ्याला उपांत्य फेरीत हनोईला जाऊन यजमान व्हिएतनामशी खेळावे लागणार होते, त्यामुळे जिंकायचे दोघांनाही नव्हते. शेवटी इंडोनेशियाच्या मुर्सिद एफेंदीने जाणूनबुजून आपल्याच गोलात चेंडू मारला. त्याच्यावर आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून आजीव बंदी आली आणि दोन्ही संघांना प्रत्येकी ४०,००० डॉलर दंड झाला. त्याआधी, जानेवारी १९९४ मध्ये, कॅरिबियन कपच्या पात्रता फेरीत जादा वेळेतला गोल्डन गोल, म्हणजे पडताच सामना संपवणारा गोल, दोन गोलांइतका धरण्याचा नियम होता. ग्रेनाडाविरुद्ध बार्बाडोसला पुढे जायला दोन गोलांची आघाडी हवी होती आणि फलक २-१ वर होता. त्यांनी ८७ व्या मिनिटाला स्वतःवरच गोल करून २-२ अशी बरोबरी केली. उरलेल्या मिनिटांत ग्रेनाडा कुठल्याही गोलात चेंडू घालायला धडपडत होता, कारण ३-२ किंवा २-३, दोन्ही निकाल त्याला पुढे नेत होते. बार्बाडोस मैदानाच्या दोन्ही टोकांना बचाव करत राहिला आणि जादा वेळेत गोल करून ४-२ असा जिंकला. नियम कोणीच मोडला नव्हता.