पार्श्वभूमी: जलतरण तलावाच्या फिरत्या पाण्यातून वीज

धुळ्याकडच्या पांझरा नदीवरच्या फड पद्धतीच्या, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घेण्याच्या, बंधाऱ्यांचे पाणी शतकानुशतके उतारानेच शेतात पोचले, त्याला मोटर लागली नाही. पोहण्यासाठी विहिरी होत्या, पाठीला भोपळा किंवा डबा बांधला की झाले. पाणी स्वच्छ राहावे म्हणून ते पंपाने सतत फिल्टरमधून फिरवत ठेवण्याचा खर्च आला तो शहरातल्या जलतरण तलावांबरोबर.

भारनियमनाच्या वर्षांत या खर्चाकडे नीट लक्ष गेले. पंप बंद पडला की खानदेशच्या उन्हात क्लोरीन झपाट्याने उडते आणि पाणी हिरवे पडू लागते. म्हणून पंप चालू ठेवायचा आणि बिलही सोसायचे. त्यातून प्रश्न निघाला: एवढे पाणी फिरतेच आहे, तर परतीच्या पाइपवर टर्बाइन का बसवू नये? कल्पना हवेतली नाही. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरवून टर्बाइनसारखा वापरता येतो, हे 1930 च्या दशकापासून माहीत आहे. डोंगराळ भागातल्या पाणीपुरवठ्याच्या पाइपलाइनवर त्याने वीजही मिळते. पण तिथे पाणी खरोखर उंचावरून येते. तलावात ते जिथून निघते तिथेच परत येते.

वाद खरा आहे तो व्हॉल्व्हवरून. फिल्टरमधली वाळू मळली तरी प्रवाह पुरावा, म्हणून पंप मोठा घेतात. मग बॅकवॉशनंतर, म्हणजे उलट्या प्रवाहाने वाळू धुतल्यावर, फिल्टर स्वच्छ झाला की प्रवाह जास्त होतो आणि व्हॉल्व्ह अर्धा आवळावा लागतो. टर्बाइनवाले म्हणतात, व्हॉल्व्हमध्ये दाब वाया जातोच, तिथे टर्बाइन बसवा. यात तथ्य आहे. तरीही आधी जास्त दाब तयार करायचा आणि मग त्यातला थोडा परत मिळवायचा, हा लांबचा रस्ता आहे. प्रत्येक टप्प्यावर घट होते.

25 बाय 12.5 मीटरचा, सरासरी दीड मीटर खोल तलाव घ्या. पाणी सुमारे 4 लाख 70 हजार लिटर. सहा तासांत एक फेरी म्हणजे ताशी 78 हजार लिटर. 15 मीटर हेडला (पाणी 15 मीटर उंच चढवण्याइतक्या दाबाला) आणि 60 टक्के कार्यक्षमतेला पंप सव्वापाच किलोवॅटच्या आसपास वीज घेतो. काठावरून सांडून बॅलन्सिंग टँकमध्ये (ते जमा होण्याच्या टाकीत) पडणाऱ्या पाण्याला एक मीटर उतार मिळाला, तर त्यात जेमतेम 213 वॅट असतात, हाती येतील शंभरेक.

व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण, स्वस्त होत गेल्यावर पारडे फिरले. पंपाचा वेग 20 टक्के कमी केला तर वीज जवळपास निम्म्यावर येते. शेतकऱ्याला हे पटकन पटत नाही, कारण बोअरमधून पाणी वर खेचताना वेग घटवला तर एका मर्यादेनंतर पाणीच येत नाही. तलावात उचल जवळपास नसते, पंपाची झुंज पाइप आणि फिल्टरच्या घर्षणाशी असते. फेरी मात्र सहाऐवजी साडेसात तासांची होते. गर्दीच्या वेळी ते चालणार नाही, रात्री चालते.

थंड देशांत 1973 च्या तेलसंकटानंतर भर पडला तो उष्णता वाचवण्यावर: बॅकवॉशच्या कोमट पाण्यातली, बंदिस्त तलावाच्या दमट हवेतली. मे महिन्यात 44-45 अंशांवर जाणाऱ्या जळगाव-भुसावळला तो भाग गैरलागू आहे. छतावरच्या सोलरने अलीकडे दिवसाचा भार हलका होतो, म्हणून टर्बाइनचा प्रस्ताव आता आणखी मागे पडला आहे. नव्या तलावांत तरी पाइप एक साइज मोठे टाकले आणि कोपरे कमी ठेवले, तर व्हॉल्व्ह आवळण्याऐवजी पंपच लहान घेता येतो.