उताराचा प्लॉट घेण्यापूर्वी : खडक, मुरूम आणि दरड यांविषयी

माती-परीक्षण आणि संरक्षक भिंतींच्या कामासाठी आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक बावधन, सूस, कात्रज, कोंढवा किंवा मुळशी-पानशेतकडच्या उताराच्या जमिनीवर घर बांधू इच्छिणारे असतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "खाली खडकच आहे ना? मग चाचण्या कशाला?" खडक आहेच, याविषयी वाद नाही. मात्र त्या खडकाचे ऊन-पावसाने आजवर काय झाले आहे आणि त्यातून पाणी कोणत्या वाटेने जाते, यावर घराची सुरक्षितता अवलंबून असते. ते ग्राहकांना समजावे, यासाठी हे पत्रक तयार केले आहे.

थर दिसतात, पण ते गाळाचे नव्हेत

पुण्याहून कोणत्याही घाटाने बाहेर पडले की रस्त्यासाठी तासलेल्या डोंगरात आडवे थर एकावर एक रचलेले दिसतात. शाळेत शिकलेले आठवून अनेक जण त्यांना गाळाचा खडक समजतात. गाळाचा खडक म्हणजे नदी, तळे किंवा समुद्राच्या तळाशी साचलेली वाळू, चिखल किंवा चुना वरच्या भाराखाली दाबला जाऊन आणि क्षारांनी सांधला जाऊन घट्ट झालेला खडक. सह्याद्रीचे थर तसे बनलेले नाहीत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून पुन्हापुन्हा लाव्हा वर आला, पसरला आणि थिजला. अशा अनेक प्रवाहांची ही चळत आहे आणि तिचा खडक बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण.

गाळाचा खडक पाहायचाच असेल तर जुन्या वाड्यात किंवा चाळीत पायाखाली पाहावे. शहाबादी फरशी हा कर्नाटकातील कलबुर्गी भागातला चुनखडक आहे आणि कोटा फरशी हा राजस्थानातला चुनखडक आहे. संडास-बाथरूम धुण्याचे ॲसिड या फरशीवर सांडले की फेस येतो आणि चकाकी कायमची जाते. पुण्यातील गृहिणी हा प्रयोग नकळत कित्येक वर्षे करत आल्या आहेत. शहराच्या आसपास मुळा-मुठेच्या काठाला साचलेला गाळही सापडतो, परंतु तो अजून खडक झालेला नाही. त्यावर पाया घालण्याचे नियम वेगळे असून तो विषय या पत्रकात घेतलेला नाही.

थर गाळाचे नाहीत म्हणून निर्धास्त व्हावे, असे मात्र नाही. दोन लाव्हाप्रवाहांमध्ये जो काळ गेला, त्यात खालच्या प्रवाहाचा माथा झिजला, कुजला आणि तांबडा झाला. विहीर खोदणारे या पट्ट्याला गेरू म्हणतात. बोटाने चुरता येणारा हा थर ओला झाला की मऊ पडतो. वर दोन-तीन मीटर टणक पाषाण आणि त्याखाली गेरू अशी रचना असल्यास खालचा थर झिजत जातो, वरचा पाषाण छज्जासारखा पुढे निघतो आणि एखाद्या पावसाळ्यात तुटून खाली येतो. त्यामुळे पायाच्या खड्ड्यात काळा दगड लागला म्हणून खोदाई थांबवण्यापूर्वी त्याच्या खाली काय आहे, हे तपासलेच पाहिजे.

पाषाणाचा मुरूम कसा होतो

खडकाची झीज दोन प्रकारांनी होते आणि आपल्याकडे ते दोन्ही प्रकार एकमेकांना मदत करतात. दिवसाची उष्णता, रात्रीचा गारवा आणि भेगांत शिरणारी मुळे यांनी खडक फुटतो, पण त्याचे द्रव्य तेच राहते. पिंपळाचे रोप भिंतीचे काय करते, हे सर्वांनी पाहिले आहे. दुसरा प्रकार रासायनिक आहे. पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते, खडकातील खनिजांवर काम करते आणि त्यांची चिकणमाती बनवते. त्यातील लोह गंजल्यामुळे काळा दगड तपकिरी-पिवळा होतो. चुनखडक या पाण्यात विरघळतो, बेसाल्ट विरघळण्याऐवजी कुजतो, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

हे काम भेगांपासून सुरू होते. थिजताना पाषाणाला पडलेल्या उभ्या-आडव्या भेगांनी त्याचे ठोकळे होतात, ठोकळ्यांचे कोपरे आधी झिजतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत जाऊन मध्ये गोल, टणक गोटा उरतो. भोवतीचा झालेला असतो मुरूम. ताज्या कटिंगमध्ये हे फार सुंदर दिसते, पण बोअर घेणाऱ्याला तेच फसवते. सुरुवातीच्या काळात आमच्याकडूनही ही चूक झाली आहे : सूसजवळच्या एका प्लॉटवर साडेतीन मीटरवर यंत्र अडले, "पाषाण लागला" अशी नोंद झाली आणि खोदाईत तो पाऊण मीटरचा गोटा निघाला, त्याखाली पुन्हा मुरूमच होता. तेव्हापासून कठीण लागल्यावरही आम्ही किमान तीन मीटर पुढे जाऊन गाभा, म्हणजे खडकाचा दांड्यासारखा अखंड नमुना, काढतो. त्याने खर्च वाढतो, आणि तो अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवला जातो.

घरी करता येईल अशी एक साधी परीक्षा आहे. प्लॉटच्या उघड्या कडेतून लिंबाएवढे कोरडे ढेकूळ काढून काचेच्या पेल्यातील पाण्यात ठेवावे. चांगला कठीण मुरूम दुसऱ्या दिवशीही तसाच राहतो, कडेने थोडी पूड सुटते इतकेच. गेरूचे किंवा फार कुजलेल्या मुरमाचे ढेकूळ आधी बुडबुडे सोडते, मग त्याचे तुकडे पडतात आणि पेल्याच्या तळाशी तांबूस चिखल बसतो. ही परीक्षा प्रयोगशाळेतील चाचणीला पर्याय नाही; परंतु जे पेल्यात होते तेच जुलै महिन्यात तुमच्या उतारावर होणार आहे, हे तिच्यातून नीट कळते.

दरड कशी सुटते

सह्याद्रीत मोठी हानी करणाऱ्या दरडींमध्ये बहुधा अखंड पाषाण घसरत नाही. त्याच्यावरचे माती, मुरूम आणि गोट्यांचे आवरण घसरते. पाऊस मुरत जातो, खालच्या टणक खडकापाशी अडतो आणि तेथे साचलेले पाणी कणांना एकमेकांपासून दूर रेटते. वजन वाढलेले आणि पकड सुटलेली, अशी ती अवस्था असते. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आपल्याच जिल्ह्यातील माळीण गावावर मुसळधार पावसानंतर डोंगराचा उतार आला आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये आणि जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथेही अतिवृष्टीच्या दिवसांतच दरडी कोसळल्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ २०१५ च्या जुलैत झाले ते याहून वेगळे. तेथे कड्यातील भेगांनी सुटलेले दगड रस्त्यावर पडले. पहिल्या प्रकाराला पाण्याचा निचरा हा उपाय आहे, दुसऱ्याला जाळी, खडकात बसवलेले लोखंडी खिळे आणि सुटे दगड पाडून टाकणे.

शहरात पाऊस घाटमाथ्यापेक्षा पुष्कळ कमी पडतो, म्हणून येथे धोका नाही, असे समजू नये. निसर्गाने हजारो वर्षांत जमवलेला उतार आपण पोकलेनने आठवड्यात उभा कापतो आणि निघालेला मुरूम खालच्या बाजूला भराव म्हणून लोटतो. कापलेली बाजू आधार गमावते आणि न दाबलेला भराव पाणी पितो. आमच्या मते टेकडीवरील घरांना डोंगरापेक्षा या भरावाचाच त्रास अधिक होतो.

भिंतीविषयी

संरक्षक भिंत मातीचा दाब पेलण्यासाठी बांधली जाते. मागचे पाणी अडवले गेले तर ती धरण होते आणि तेवढा दाब तिच्या हिशेबात धरलेला नसतो. २९ जून २०१९ रोजी कोंढव्यात पावसाळ्याच्या सुरुवातीलाच भिंत कोसळून १५ जणांचा जीव गेला, हे पुणेकर विसरलेले नाहीत. आमच्या प्रत्येक भिंतीत ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाचे निचरा-पाईप साधारण दीड मीटर अंतराने, बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवले जातात आणि त्यांच्या मागे खडी व गाळणी-कापडाचा थर असतो. रंगकाम करताना किंवा "भिंत ओली दिसते" म्हणून ही भोके सिमेंटने बुजवलेली आम्ही अनेकदा पाहिली आहेत. कृपया तसे करू नये. पावसात भोकांतून पाणी आले तर भिंत आपले काम करत आहे असे समजावे. शेजारची भोके वाहत असताना एखादेच कोरडे राहिले, तर ते तुंबले असण्याची शक्यता आहे आणि आम्हाला कळवावे.

पुढील गोष्टी दिसल्यास मात्र पावसाळा संपण्याची वाट पाहू नये : वरच्या उतारावर चंद्रकोरीसारखी भेग पडणे, झाडे किंवा विजेचे खांब खालच्या बाजूला कलणे, दारे-खिडक्या अचानक घट्ट होणे, आणि नितळ वाहणारा झरा एकाएकी गढूळ होणे किंवा बंद पडणे. शेवटचे लक्षण सर्वांत गंभीर आहे. असे दिसताच घर रिकामे करून प्रथम प्रशासनाला कळवावे, आम्हाला त्यानंतर.

पाहणीसाठी येताना सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, झोन दाखला, मोजणीचा नकाशा आणि शक्य असल्यास जोराच्या पावसानंतर लगेच काढलेले प्लॉटचे फोटो आणावेत. टेकडीमाथा, टेकडीउतार किंवा जैववैविध्य उद्यानाच्या आरक्षणातील जमिनीवरचे काम आम्ही घेत नाही. कोरड्या दिवसांत पहिली पाहणी केली असल्यास जुलै-ऑगस्टमध्ये दुसरी भेट आम्ही विनामूल्य देतो, कारण उन्हाळ्यात पाण्याच्या वाटा आम्हालाही दिसत नाहीत.