पटवर्धनांचा कॅमेरा झोपडीपासून बॉम्बपर्यंत कसा पोचला

माहितीपट करणाऱ्या आनंद पटवर्धनांचं नाव निघालं की कुणीतरी हमखास विचारतं, हा माणूस कधी झोपड्यांवर फिल्म करतो कधी अणुबॉम्बवर, ह्याचा नक्की विषय काय? मला वाटतं उत्तर मुंबईच्या फुटपाथवरच आहे.

जुलै १९८१, भर पावसाळा. मुख्यमंत्री अंतुलेंनी जाहीर केलं की फुटपाथवरच्या लोकांना उठवून गावी धाडायचं, आणि झोपड्या मोडून माणसांना बसमध्ये कोंबायला सुरुवात पण झाली. अहो गावी काम असतं तर ती इथे कशाला आली असती? प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १० जुलै १९८५ ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांच्या घटनापीठाने सांगितलं की जगण्याच्या हक्कात रोजीरोटी पण येते, केवढी मोठी गोष्ट, पण त्याच निकालात फुटपाथ मोकळे करायला परवानगीही दिली, फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबा म्हणाले.

त्याच वर्षी पटवर्धनांची मुंबईच्या झोपडीवाल्यांवरची फिल्म 'हमारा शहर' आली. त्यात एक बाई थेट पटवर्धनांनाच सुनावते, की गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आमच्यासाठी काय करणार? एडिटिंगमध्ये हे सहज उडवता आलं असतं, त्यांनी ठेवलं. आणि १९८६ ला दक्षिण मुंबईतलं संजय गांधी नगर पाडलं तेव्हा ते वस्तीवाल्यांसोबत उपोषणाला बसले, शबाना आझमी पण होत्या, शेवटी गोरेगावला पर्यायी जागा मिळाली. माझ्या मते त्या बाईला दिलेलं उत्तर हेच.

पुढे सिमंतिनी धुरूंबरोबर नर्मदेच्या धरणग्रस्तांवर फिल्म केली, १९९५ मध्ये. मग मे १९९८ ला पोखरणला अणुचाचण्या झाल्या, लोक पेढे वाटत होते, तेव्हा पटवर्धन स्फोटाच्या जागेजवळच्या गावात आणि जादूगोड्याच्या युरेनियम खाणीपाशी जाऊन तिथल्या माणसांशी बोलत होते. म्हणजे शांतता हा विषय पण त्यांच्याकडे विस्थापितांच्याच वाटेने आला. ह्यातूनच झालेल्या 'जंग और अमन' ह्या फिल्मला सेन्सॉर बोर्डाने कट सांगितले, मुंबई हायकोर्टाने २००३ ला एकही कट न लावता सोडली.

आणि 'हमारा शहर'मध्ये गाणारे शाहीर विलास घोगरे, ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगर ह्या दलित वस्तीत पोलीस गोळीबारात १० जण गेले, ते सहन न होऊन त्यांनी गळफास घेतला. तिथून सुरू झालेली पटवर्धनांची फिल्म 'जय भीम कॉम्रेड' पुरी व्हायला १४ वर्षं लागली. 'हमारा शहर' बघून मग ही बघा, मधे खंड न पाडता.