हौशी नेमबाजाला रायफलचा परवाना कसा मिळतो? पात्रता, कागदपत्रे आणि सेमी-ऑटोमॅटिकचा प्रश्न

सेमी-ऑटोमॅटिक रायफल विकत घ्यायची, सुटे भाग मागवून घरीच जुळवायची आणि सुट्टीच्या दिवशी रेंजवर नेऊन चालवायची, असे अमेरिकेतले व्हिडिओ मोबाइलवर रोज दिसतात. ते पाहून आपल्याकडची मुले विचारतात, ‘परवाना काढला तर मलाही घेता येईल ना?’ भारतात उत्तर ‘नाही’ असे आहे. ते नीट समजून घेतलेले बरे, कारण या एका गैरसमजातून चांगली मुले गंभीर गुन्ह्यात अडकू शकतात. पण रायफल नेमबाजीची हौस असलेल्याला कायद्याने एक सरळ वाटही ठेवली आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत असते.

आधी ‘नाही’ का, ते पाहू. आपल्याकडे शस्त्र अधिनियम 1959 आणि त्याखालचे शस्त्र नियम 2016 लागू आहेत. घोडा दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात अशी स्वयंचलित शस्त्रे प्रतिबंधित गटात येतात. घोड्याच्या प्रत्येक दाबाला एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते, त्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली निर्बंधित गटात आहेत. पिस्तूल याला अपवाद आहे, ते सेमी-ऑटोमॅटिक असले तरी सर्वसाधारण परवान्याच्या गटात मोडते. निर्बंधित शस्त्राचा निर्णय जिल्हाधिकारी कार्यालयात होत नाही, तो केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. तिथे जिवाला गंभीर धोका आहे का, अर्जदार दहशतग्रस्त भागात राहतो का, अशी कारणे तपासली जातात. छंद त्यात बसत नाही.

आता ‘जुळवणी’बद्दल. कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भागही बंदुकीतच मोजले जातात. त्यामुळे टपालाने मागवलेला बोल्ट (काडतूस आत ढकलून नळीची मागची बाजू बंद करणारा भाग) किंवा नळी म्हणजे ‘नुसता लोखंडाचा तुकडा’, हा बचाव टिकत नाही. परवान्याशिवाय शस्त्र बनवणे किंवा त्यात बदल करून दुसरे शस्त्र करणे याला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 7 वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. दुरुस्तीच्या व्यवसायालाही वेगळा परवाना लागतो. म्हणून घोडा जड लागतोय, नळी बदलायची आहे, अशी कामे परवानाधारक कारागिराकडेच द्यावीत. ओळखीच्या फिटरकडे किंवा लेथवाल्याकडे रायफल नेऊ नये.

आणखी एक गोष्ट नव्या हौशी मंडळींना सांगावीशी वाटते. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत सेमी-ऑटोमॅटिक चालतच नाही. तिथे प्रत्येक गोळी हाताने भरायची असते. तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये (पालथे झोपून नेमबाजी) जागतिक सुवर्ण जिंकले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून) कांस्य मिळवले. दोन्ही पदके एकेक गोळी भरूनच आली. दहा मीटरच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे वेगाने गोळ्या सुटून काही उपयोग नसतो, श्वास, खांदा आणि घोड्यावरचे बोट एका लयीत यावे लागते.

<b>कायद्याने ठेवलेली वाट</b>

शस्त्र अधिनियमाचे कलम 13 पोटकलम 3 प्रत्येक नेमबाजाने वाचावे. केंद्र सरकारने परवाना किंवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबचा वा संघटनेचा सभासद लक्ष्यसरावासाठी .22 बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचा व्यास) रायफल किंवा हवेच्या दाबाने छर्रा सोडणारी एअर रायफल मागत असेल, तर परवाना प्राधिकाऱ्याने परवाना ‘द्यावा’ अशी तिथली भाषा आहे. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर किंवा मोठ्या बोअरच्या रायफलीसाठी ‘सबळ कारण’ पटवून द्यावे लागते, तसे इथे नाही. कलम 14 मधली नकाराची कारणे, म्हणजे मानसिक अस्वास्थ्य, सार्वजनिक शांततेला धोका वगैरे, मात्र सगळ्यांनाच लागू आहेत. त्याच कलमात असेही म्हटले आहे की, अर्जदाराच्या नावावर पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. शेतमजुराच्या किंवा शिक्षकाच्या घरातल्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवावे. ‘असे परवाने फक्त बड्या लोकांना मिळतात’ असे ऐकून अनेक जण अर्जच करत नाहीत.

म्हणून सुरुवात क्लबपासून करावी, शस्त्रापासून नाही. आपल्या जिल्ह्याची रायफल संघटना शोधा, ती राज्य संघटनेशी संलग्न आहे का ते विचारा आणि सभासद व्हा. राज्य संघटनांच्या वर नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया आहे. तिची स्थापना 1951 ची, आणि पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा ही आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची मोठी पायरी आहे.

पहिली दोनएक वर्षे एअर रायफलवरच काढावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. 4.5 मिलिमीटर बोअरच्या आणि 20 जूलपर्यंत (जूल हे ऊर्जेचे एकक) ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्राची प्रत घेऊन नोंद ठेवतो, तेवढेच. स्पर्धेच्या एअर रायफलची ताकद साडेसात जूलच्या आसपास असते, म्हणजे ती या मर्यादेत आरामात बसते. शिवाय क्लबकडे सरावाच्या रायफली असतात. आयात केलेली चांगली रायफल लाखांच्या घरात जाते, त्यामुळे घाईने कर्ज काढून ती घेऊ नये. 21 वर्षे पूर्ण नसलेल्यांना तर स्वतःच्या नावावर बंदुकीचा परवाना मिळतच नाही. त्यांनी क्लबच्या शस्त्रावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच सराव करायचा असतो.

<b>अर्ज आणि कागदपत्रे</b>

अर्ज नमुना ए-1 मध्ये, केंद्राच्या शस्त्र परवाना पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. मुंबई, पुणे, नागपूर अशा आयुक्तालयांच्या हद्दीत पोलीस आयुक्त परवाना देतात, बाकी ठिकाणी जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकारी. तुमचे गाव आयुक्तालयाच्या हद्दीत येते की ग्रामीण पोलिसांच्या, हे आधी पक्के करा. शहरालगतच्या गावांत इथेच गोंधळ होतो आणि अर्ज भलत्याच कार्यालयात पडून राहतो.

सोबत जन्मतारखेचा पुरावा, आधार किंवा अन्य ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र, शारीरिक व मानसिक आरोग्याचा दाखला नमुना एस-3 मध्ये आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र नमुना एस-1 मध्ये लागते. वैद्यकीय दाखला साध्या लेटरहेडवर आणू नका, नमुन्यातच हवा.

नेमबाजाच्या अर्जात सर्वात महत्त्वाचा कागद म्हणजे क्लबचे पत्र. ‘हे आमचे सभासद आहेत’ एवढ्या एका ओळीच्या पत्राने काम अडते. पत्रात सभासद क्रमांक, कधीपासून सभासद, कोणत्या रेंजवर आणि कोणत्या प्रकारात सराव, खेळलेल्या स्पर्धा व गुण, आणि .22 रायफल कशासाठी लागते हे सगळे यावे. खाली कलम 13(3) चा उल्लेख करावा. स्पर्धांची प्रमाणपत्रे जोडावीत. अर्जातल्या ‘कारण’ या रकान्यात ‘लक्ष्यसराव’ असेच लिहावे. पुष्कळ जण तिथे ‘क्रीडा व आत्मसंरक्षण’ असे दोन्ही लिहून टाकतात, आणि मग पोलीस ‘तुम्हाला धोका कोणाकडून?’ या चौकशीला लागतात.

त्यानंतर अर्ज तुमच्या पोलीस ठाण्याकडे चौकशीसाठी जातो. जबाब होतो, शेजाऱ्यांकडे विचारपूस होते, घरात शस्त्र कुठे ठेवणार ते पाहिले जाते. भिंतीत बसवलेले लोखंडी कपाट दाखवता आले तर चांगले. पोलीस अहवालाला नियमांत 30 दिवसांची मुदत आहे, आणि अहवाल आल्यावर प्राधिकाऱ्याला निर्णयासाठी 60 दिवस. प्रत्यक्षात वेळ लागतो, म्हणून अर्जाचा क्रमांक घेऊन पाठपुरावा करावा, तोही लेखी. नकार आला तर कारणे लेखी मागा. कलम 18 खाली अपील करता येते. तोंडी ‘होणार नाही’ ऐकून परत येऊ नका.

<b>परवाना हातात आल्यावर</b>

खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडूनच करायची, परवान्यावर लिहिलेल्या बोअरचीच आणि लिहिलेल्या मुदतीत. घेतल्यावर शस्त्र दाखवून त्याचा क्रमांक परवान्यावर नोंदवून घ्यावा लागतो. काडतुसांची मर्यादाही परवान्यावर असते. झाडलेल्या काडतुसांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. 2019 पासून एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात. नामवंत नेमबाजांसाठी ही मर्यादा 2020 मध्ये वेगळी ठरवली गेली. त्यासाठी राष्ट्रीय स्पर्धेत ठरलेले किमान गुण मिळवावे लागतात.

देखभाल स्वतः करायला कायद्याची आडकाठी नाही. बोल्ट काढून चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) रिकामे असल्याचे डोळ्यांनी पाहा, मग बोटाने चाचपा. नळी साफ करायची सळई नेहमी मागून, चेंबरच्या बाजूने घाला. नळीच्या तोंडाकडून घातली तर टोकाची कड झिजते आणि गोळ्या लक्ष्यावर एकाजवळ एक न पडता पसरतात. .22 ची गोळी शिशाची आणि मेणकट असते, त्यामुळे रोज नळी घासून काढण्याची गरज नसते. सरावानंतर एक-दोन कोरडे फडके फिरवले तरी पुरते. कोकणात पावसाळ्यात मात्र बाहेरच्या धातूला हलका तेलाचा हात रोज द्यावा आणि रायफल फोमच्या बंद पेटीत आठवडाभर ठेवू नये, ओल धरून गंज चढतो. बोल्ट, रायफल आणि काडतुसे तीन वेगळ्या कुलुपांत ठेवा. शस्त्र हरवले किंवा चोरीला गेले तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात कळवा.

स्पर्धेला परजिल्ह्यात किंवा परराज्यात जाताना परवान्यावरचे क्षेत्र तपासा, आणि रायफल रिकामी, पेटीत, मूळ परवान्यासह न्या. परवान्याची मुदत आता 5 वर्षे आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या 60 दिवस आधी करावा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. तेव्हा संघटनेचे पत्र आणि स्पर्धेचे वेळापत्रक जोडून, कोणाची शस्त्रे जमा करायची हे ठरवणाऱ्या छाननी समितीकडे लगेच सूट मागावी. नोटीस येऊन रायफल ठाण्यात जमा झाल्यावर अर्ज केला तर ती स्पर्धेआधी परत मिळेल याचा भरवसा नसतो.