दोन पट्ट्यांमधला गंधार

पियानोवर अरबी संगीत वाजूच शकत नाही, असं ठणकावून सांगणारे भेटतात. उलट ‘आता पियानोवर पाव स्वरही’ अशी, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध पडणाऱ्या स्वरांची, जाहिरात करणारेही भेटतात. दोघांचंही निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं पियानोत सापडत नाही, ते ऐकणाऱ्याच्या कानात घडतं.

अडचण आपल्या ओळखीची आहे. पांढरी एक हा सा धरला, तर पियानोत कोमल गंधार 311.1 हर्ट्झचा (सेकंदाला इतकी कंपनं, हीच स्वराची कंप्रता) आणि शुद्ध गंधार 329.6 हर्ट्झचा. मध्ये काही नाही. आणि अरबी संगीतातला रास्त हा पायाभूत मकाम (मकाम म्हणजे आपल्या रागासारखी स्वरांची चौकट) नेमका त्या ‘काही नाही’मध्ये उभा आहे! त्याचा गंधार रिषभापासून पाऊण स्वर वर असतो, म्हणजे साधारण 320 हर्ट्झ. आठव्या शतकात बगदादमध्ये झल्झल नावाचा ऊद या अरबी तंतुवाद्याचा वादक होऊन गेला. हा मधला गंधार त्याच्या नावाने ओळखला जाई आणि पुढे अल-फाराबी या तत्त्ववेत्त्याने त्याचं सा-शी गुणोत्तर 27/22 असं लिहून ठेवलं. ऊदाला पडदे नसतात, बोट हवं तिथे टेकवावं. पियानोची तार मात्र कारखान्यातून निघाल्यापासून खुंटीला जखडलेली. मींड नाही, घसीट नाही.

सगळेच मकाम असे अडवत नाहीत. अजम आपल्या बिलावलसारखा, कुर्द भैरवीच्या स्वरांचा, हिजाज बसंत मुखारीच्या शेजारचा. हे पियानोवर बऱ्यापैकी निभतात, आणि म्हणूनच जॅझ-अरबी मैफिलींमध्ये ते सारखे कानावर पडतात. सोबत ऊद किंवा व्हायोलिन असेल तर मधले स्वर त्यांच्यावर सोपवून पियानोवाला नुसते कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले स्वरगुच्छ, धरतो. एकट्याने बसलेल्या वादकाला ही पळवाट नाही.

1932 साली कैरोत राजा फुआद याच्या आश्रयाने अरबी संगीताची मोठी परिषद भरली. बार्टोक आणि हिंडेमिथ हे युरोपीय संगीतकार तिथे हजर होते. पियानोला अरबी संगीतात घ्यावं का, यावर जोरदार वाद झाला. गंमत म्हणजे आधुनिकतेची ओढ असलेल्या अनेक इजिप्शियनांना पियानो हवा होता आणि कुर्ट झाक्ससारख्या युरोपीय अभ्यासकांना नको होता. सप्तकाचे 24 समान भाग मानावेत का, यावरही एकमत झालं नाही, कारण तुर्कस्तानातला तोच गंधार अरबांपेक्षा चढा असतो. आपल्याकडे हार्मोनियमवरून असंच रणकंदन झालं. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाबरोबर श्रुतींच्या हार्मोनियमचा खटाटोप विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच केला होता. तरी 1940 साली रेडिओने पेटीवर बंदी घातलीच.

मग तारा सरळ उतरवून का घेत नाहीत? घेता येतात. बैरूतच्या अब्दल्ला शाहीन यांनी तर पाव स्वरांचा खास पियानोच घडवून घेतला. पण साध्या पियानोत गंधार पाव स्वराने उतरवायचा, तर त्या तारांवरचा ताण सुमारे साडेपाच टक्क्यांनी कमी करावा लागतो, कारण ताण कंप्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. हे सातही सप्तकांत करायचं. एवढं करून शुद्ध गंधार असलेला प्रत्येक कॉर्ड हातचा जातो. गंधाराशिवाय जॅझ वाजवायचं म्हणजे मिठाशिवाय स्वयंपाक.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या पट्ट्या एकदम दाबल्या तर काय होतं? शाळेतलं त्रिकोणमितीचं सूत्र आठवा:

साइन अ + साइन ब = 2 × कोसाइन ((अ − ब)/2) × साइन ((अ + ब)/2)

सारख्या ताकदीचे दोन स्वर मिसळले की गणिताच्या दृष्टीने त्यांच्या सरासरी कंप्रतेचा एकच स्वर तयार होतो आणि तो फरकाइतक्या वेळा लहानमोठा होत राहतो. यांनाच विस्पंद म्हणतात. 311.1 आणि 329.6 यांची सरासरी 320.4. बरोबर मधला पाव स्वर 320.2 हर्ट्झचा! म्हणजे जो स्वर पियानोत नाही, तो दोन चुकीच्या स्वरांच्या बेरजेत बसलेला आहे.

पण कान हे दोन स्वर वेगळे का करत नाही? आतल्या कानातला पडदा कंप्रतांची छाननी करतो, पण त्याची चाळणी फार बारीक नाही. 320 हर्ट्झच्या आसपास साधारण 100 हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात जे येईल, ते एकमेकांत गुंतत जातं. आपले दोन गंधार अवघ्या 18.5 हर्ट्झच्या अंतरावर आहेत. ते एकत्र ऐकू येतात, पण खरखरीत. प्लॉम्प आणि लेव्हेल्ट या डच संशोधकांनी 1965 साली दाखवलं की ही खरखर सर्वांत जास्त जाणवते ती त्या पट्ट्याच्या सुमारे पावपट अंतरावर. म्हणजे इथे जवळपास 25 हर्ट्झवर. पियानोवाल्याचं नशीब असं की त्याचा मधला गंधार ऐन खरखरीच्या तोंडाशीच येतो.

त्यात पियानोचा स्वर निव्वळ साइन लहर नसतो. प्रत्येक तारेचे उपस्वर असतात: दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे. त्यांच्यातला फरकही 37, 55.5, 74 असा वाढत जातो आणि जोरात वाजवलं तर नुसता कलकलाट होतो. इथे बोटांची कारागिरी कामाला येते. पियानोच्या हातोडीवर लोकरीचा नमदा असतो. तो जितका जोरात दाबला जाईल तितका कडक होतो, आणि कडक हातोडी वरचे उपस्वर भडकवते. हळूच मारलं की नमदा मऊ राहतो, उपस्वर दबतात, मूळ स्वरांची जोडी तेवढी पुढे येते. आणखी एक: दोन्ही पट्ट्यांवर सारखं वजन दिलं नाही, तर भासणारा स्वर जोरकस स्वराच्या बाजूला झुकतो. बोटाचं वजन किंचित कोमलकडे ढकलून गंधार उतरवता येतो, शुद्धकडे ढकलून तुर्की वळणावर चढवता येतो.

जॅझवाल्यांना ही चलाखी कैरोतून शिकावी लागली नाही. ब्लूजमधली ‘ब्लू नोट’ कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधेच कुठेतरी हिंडते, आणि शेजारच्या दोन पट्ट्या एकत्र चेंगरून वाजवणं ही थेलोनियस मंक या अमेरिकन जॅझ पियानोवादकाची तर सहीच होती. 1957-58 मध्ये त्याच्याबरोबर बेस वाजवणारा अहमद अब्दुल-मलिक ऊदही वाजवायचा. त्याने 1958 साली ‘जॅझ सहारा’ ही तबकडी केली, तीत कानून (संतूरसारखं, पण बोटांनी छेडायचं अरबी तंतुवाद्य) आहे, व्हायोलिन आहे, सॅक्सोफोन आहे. पियानो नाही! ती जागा पुढच्या पिढ्यांनी भरली. बैरूतमध्ये जन्मलेल्या तारेक यमानी यांना 2010 साली मंकच्याच नावाची जॅझ रचनाकारांची स्पर्धा जिंकता आली, ती ‘समाई यमानी’ या रचनेवर. समाई म्हणजे 3+2+2+3 असा दहा मात्रांचा ठेका. झपतालाच्या 2+3+2+3 ची सवय असलेला कान पहिल्याच खंडात एका मात्रेने अडखळतो.

जाता जाता एक सांगायला हवं. वाद्यं जुळवायच्या 440 हर्ट्झच्या रूढ प्रमाणाऐवजी 432 हर्ट्झला वाद्य लावलं की संगीत ‘विश्वाशी जुळतं’ आणि रोग बरे होतात, असं विकणारे हल्ली बोकाळलेत. सेकंद हे माणसाने ठरवलेलं माप; ते वेगळं ठरवलं असतं तर 432 हा आकडाच उरला नसता. रास्तचा गंधार सा कुठेही धरला तरी सा-शी असलेल्या नात्याने ओळखला जातो, आकड्याने नाही.

प्रयोग करायचा असेल तर पेटीवर करू नका. पेटीच्या पात्यांना उपस्वर भरपूर, त्यामुळे दोन गंधार एकत्र दाबले की ते भांडतातच. कीबोर्डवर बासरीचा आवाज लावा, मधल्या सप्तकात दोन्ही पट्ट्या हलक्या दाबा आणि लगेच कोमल गंधार सोडून द्या. मग खाली रिषभावर या, सा-वर थांबा. तीन-चारदा केल्यावर बहुतेकांना तो मधला स्वर भासू लागतो. दोन सप्तकं खाली जाऊन तेच केलंत, तर सेकंदाला सुमारे साडेचार विस्पंद सरळ मोजता येतील, आणि गंधार मात्र हाती लागणार नाही.