थायरॉइड व पॅराथायरॉइड शस्त्रक्रियेतील प्रतिबंधात्मक प्रतिजैविके

संसर्गाची कोणतीही खूण नसताना, शस्त्रक्रियेची जखम पुढे चिघळू नये एवढ्याच हेतूने चीर देण्यापूर्वी जे प्रतिजैविक दिले जाते, त्याला प्रतिबंधात्मक प्रतिजैविक म्हणतात. गळ्याच्या पुढच्या भागातील थायरॉइड व तिला लागून असलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथींची शस्त्रक्रिया 'स्वच्छ' वर्गात मोडते, कारण मानेच्या वळीतून चीर घेऊन ग्रंथी काढताना श्वासनलिका, अन्ननलिका वा घसा उघडला जात नाही. मानेला रक्तपुरवठाही भरपूर असतो. त्यामुळे जखमेत संसर्ग होण्याचे प्रमाण बहुतेक अहवालांत एक-दोन टक्के किंवा त्याहून कमी आढळते. अमेरिकेतील एंडोक्राइन (अंतःस्रावी ग्रंथींच्या) शल्यविशारदांच्या संघटनेने २०२० मध्ये थायरॉइडसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मानेतून केल्या जाणाऱ्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत बहुतेक रुग्णांना या औषधाची गरज नसते.

गरज असेल तेव्हा वेळेला सर्वाधिक महत्त्व आहे. त्वचेवरचे जंतू, विशेषतः स्टॅफिलोकोकस ऑरियस, चिरेबरोबर आत शिरतात, म्हणून त्या क्षणी औषध ऊतींमध्ये पुरेशा प्रमाणात हजर असावे लागते. अमेरिकन शल्यविशारद जॉन बर्क यांनी १९६१ मध्ये गिनीपिगांवर केलेल्या प्रयोगांत, जंतू शिरण्याआधी किंवा शिरल्यानंतर लगेच दिलेले औषधच उपयोगी पडते आणि तीन तासांनी दिलेले जवळपास निष्फळ ठरते, असे दिसले होते. सेफाझोलिन हे प्रतिजैविक वापरायचे झाल्यास प्रौढाला चिरेपूर्वी ६० मिनिटांच्या आत शिरेतून साधारण २ ग्रॅम देतात आणि शस्त्रक्रिया चार तासांपेक्षा लांबली तर मात्रा पुन्हा देतात. टाके घालून जखम बंद केल्यावर औषध चालू ठेवण्याने संसर्ग आणखी कमी होत नाही. जखमेत निचरा-नळी आहे, हेही त्यासाठी पुरेसे कारण नव्हे. मानेतील लसिका-ग्रंथी काढणे, पुन्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया, प्रतिकारशक्ती खालावलेली असणे किंवा अन्ननलिका वा श्वासनलिका उघडली जाणे, अशा प्रसंगी मात्र शल्यचिकित्सक स्वतंत्र विचार करतात.

बेळगाव, खानापूर व निपाणी भागांत, तसेच सीमेपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजकडे, या विषयाला आणखी एक पदर आहे. गलगंडाची किंवा गळ्यातील गाठीची शस्त्रक्रिया बेळगाव शहरातल्या मोठ्या रुग्णालयात, कोल्हापूरला किंवा मिरजेला होते. नंतरचे ड्रेसिंग मात्र पुष्कळदा गावातल्या दवाखान्यात होते. घरी परतल्यावर नातेवाईक हमखास विचारतात, "एवढे गळ्याचे ऑपरेशन झाले, मग अँटिबायोटिकच्या गोळ्या कशा नाहीत?" ही काळजी स्वाभाविक आहे, आणि तिचे उत्तर रुग्णालयाने डिस्चार्ज देतानाच मराठीत, नीट समजावून द्यायला हवे. औषध दिले असल्यास त्याचे नाव व वेळ, दिले नसल्यास त्याचे कारण डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहिले, तर गावातल्या डॉक्टरांवर केवळ धीर देण्यापुरता पाच दिवसांचा कोर्स लिहून देण्याचा दबाव येत नाही. हा कोर्स निरुपद्रवी नसतो: जुलाब, अंगावर पुरळ, क्वचित जिवावर बेतणारी ॲलर्जी आणि औषधाला न जुमानणारे जंतू, ही त्याची किंमत असते. सेफट्रियाक्झोनसारख्या काही प्रतिजैविकांना १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या, औषध नियमांतील 'एच-१' अनुसूचीनुसार डॉक्टरांची चिठ्ठी लागते व दुकानदाराला विक्रीची नोंद ठेवावी लागते.

प्रतिजैविक न दिल्यास बाकीची दक्षता सैल होता कामा नये. चिरेच्या जागेवर केस असल्यास वस्तऱ्याऐवजी क्लिपरने काढणे, निर्जंतुकीकरणासाठी लावलेले अल्कोहोलयुक्त द्रावण पूर्ण वाळू देणे आणि मधुमेह्याची साखर आटोक्यात ठेवणे, या गोष्टींचा लाभ प्रत्येक रुग्णाला होतो. पहिल्या काही दिवसांतली किंचित सूज व चिरेलगतची फिकट लाली बहुधा बरे होण्याचाच भाग असते. लाली पसरत जाणे, वेदना वाढत जाणे, पू किंवा ताप येणे, ही संसर्गाची लक्षणे आहेत. तेव्हा दिले जाणारे प्रतिजैविक उपचार म्हणून असते आणि ते पूर्ण घ्यावे लागते. स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस या जंतूचा क्वचित होणारा संसर्ग पहिल्या दोन-तीन दिवसांतच वेगाने पसरू शकतो, म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत तीव्र ताप व असह्य वेदना सुरू झाल्यास ड्रेसिंगच्या ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात ताबडतोब परत जावे. श्वास घेण्यास त्रास होऊन मान झपाट्याने फुगत असेल, तर आत रक्तस्राव झाल्याची शक्यता असते व तो संसर्गाहून वेगळा, तातडीचा प्रसंग आहे; अशा वेळी सर्वांत जवळचे रुग्णालय गाठावे.