नागपूरचा डॉक्टर ॲनापोलिसला पोहोचला, त्याआधीचं सगळं

जून २०१७. नागपूरचे डॉ. अमित समर्थ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइडहून सायकलवर निघाले आणि पूर्व किनाऱ्यावरच्या ॲनापोलिसला पोहोचले. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर, वेळ ११ दिवस २१ तास ११ मिनिटं. त्यांच्या काही तास आधी सैन्यातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ पोहोचले होते. 'रेस ॲक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत एकट्याने पूर्ण करणारे गोकुलनाथ पहिले भारतीय. अशी बातमी आली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: नंबर कितवा? पण इथे बारा दिवसांच्या मुदतीत पोहोचणं हाच खरा पराक्रम आहे. बरेच जण वाटेतच थांबतात.

खंड ओलांडायची ही ओढ फार जुनी. १८८४ मध्ये थॉमस स्टीव्हन्स हा तरुण पुढचं चाक प्रचंड मोठं असलेली सायकल घेऊन एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि ऑगस्टमध्ये बोस्टनला पोहोचला. धड रस्ते नव्हतेच, कित्येक ठिकाणी सायकल ढकलतच न्यावी लागली. १८९१ मध्ये फ्रान्समध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत झाली. शार्ल तेराँ ७१ तास २२ मिनिटांत परतला आणि पहिला आला.

अमेरिकेतली आजची शर्यत मात्र १९८२ ची. जॉन मरिनो, जॉन हॉवर्ड, मायकेल शर्मर आणि लॉन हॉल्डमन असे चौघेच होते. सांता मोनिकाच्या धक्क्यावरून न्यूयॉर्कला हॉल्डमन सर्वांत आधी पोहोचला, ९ दिवस २० तासांत. पुढच्याच वर्षी शर्मरच्या मानेचे स्नायू निकामी झाले. पाय चालत होते, पण डोकं वर उचलून रस्ता बघता येईना. या दुखण्याला आजही त्याचंच नाव आहे. असं झालं की स्वाराच्या सोबत गाडीतून येणारी मदतीची माणसं हेल्मेट मागून पट्ट्याने ताणून पाठीशी बांधतात, म्हणजे नजर समोर राहते.

सोबतच्या माणसांबद्दल बातम्यांत फार कमी येतं, याची मला खंत वाटते. रात्री गाडी स्वाराच्या थेट मागे चालवायची, तिच्या उजेडात त्याला पुढे न्यायचं, चालत्या सायकलवर खाणंपिणं द्यायचं, दिवसातून तास-दोन तास झोपवून पुन्हा उठवायचं, भ्रम व्हायला लागले तर बोलत राहायचं. सुरुवातीचं वाळवंटातलं ऊन मेअखेरचा नवतपा सोसणाऱ्या आपल्या माणसाला समजेल. पण त्यानंतर रॉकी पर्वतात ३,३०० मीटर उंचीची खिंड लागते.

भारतीयांसाठी ही वाट हळूहळू खुली झाली. बंगळूरच्या समीम रिझवींनी २०१० मध्ये एकट्याने ही शर्यत करायचा प्रयत्न केला. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात ती पूर्ण केली. समर्थांनी २०१८ मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही १५ टप्प्यांची, ९,००० किलोमीटरहून मोठी शर्यतही पुरी केली.

पण मला याहून महत्त्वाची वाटते ती फ्रान्समधूनच आलेली ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेलं लांबचं अंतर ठरलेल्या वेळेत सायकलवर कापायची पद्धत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. वेळेत आलात की झालं, क्रमांक लावतच नाहीत. नागपूरहून बुटीबोरी, जांब, हिंगणघाट करत पांढरकवड्याकडे जाणाऱ्या रस्त्यासारखे लांब, सरळ रस्ते याला जणू बेतलेले. ठरलेल्या ठिकाणी पोहोचल्याचा पुरावा म्हणून कित्येकदा ढाब्याचं बिल किंवा एटीएमची पावती चालते, कारण त्यावर वेळ छापलेली असते. रात्री दोन वाजता पराठ्याचं बिल जपून खिशात ठेवणारा माणूस दिसला, तर तो बहुधा ब्रेव्हेवर असतो. झोप, पोट आणि वारा यांच्याशी कसं जुळवून घ्यायचं, हे तिथेच अंगवळणी पडतं.

गावाकडे सायकल म्हणजे आजही शाळेची सोय. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात आणि त्या रोज दुसऱ्या गावच्या शाळेत जातात. २०१९ मध्ये बल्गेरियातल्या बुर्गासहून फ्रान्समधल्या ब्रेस्टला जाणारी, बाहेरची कसलीही मदत न घेता करायची, सुमारे ४,००० किलोमीटरची शर्यत फिओना कोल्बिंगर या जर्मन तरुणीने पुरुषांनाही मागे टाकून जिंकली. हे या मुलींना कुणीतरी सांगायला हवं. ब्रेव्हेला महागडीच सायकल लागते असा समज आहे, नियमात तसं काहीच नाही. धड चालणारी सायकल, हेल्मेट, पुढे-मागे दिवा आणि रात्री चमकणारं जॅकेट एवढ्यावर सुरुवात करता येते.